चिपच्या पोटातली दुरुस्ती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न पाठ झालेला असतो. ‘अपडेट आले आहे. आत्ता करायचे की नंतर?’ आपण बहुतेक वेळा ‘नंतर’वर टिचकी मारतो आणि कामाला लागतो. पण या अपडेटच्या गर्दीत अधूनमधून एक निराळेच अपडेट येते. ते ना टंकलेखनाच्या प्रोग्रॅमचे असते, ना खेळाचे, ना विंडोजचे. ते थेट प्रोसेसरचे असते, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचे. चिप कारखान्यातून बाहेर पडली की कायमची घडली गेली, असे आपण समजतो. दगडावर कोरलेले अक्षर मागाहून बदलता येते का? चिपच्या बाबतीत काही प्रमाणात येते. ज्या भागात हा बदल होतो त्याचे नाव मायक्रोकोड. तो बदल करावा की करू नये, हा प्रश्न आज घरातल्या संगणकापासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत सर्वांपुढे येतो. या प्रश्नामागे सत्तर वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो ठाऊक असला की उत्तर देणे बरेच सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

आधी मायक्रोकोड म्हणजे काय ते पाहू. घरात कोणी ‘आज पुरण घाला’ एवढेच म्हणते. सांगणाऱ्याच्या लेखी ती एक आज्ञा असते. पण ऐकणारीच्या डोक्यात लगेच एक यादी उलगडते. डाळ शिजवायची, कट काढायचा, गूळ घालून आटवायचे, पुरणयंत्रातून काढायचे. प्रोसेसरचेही तसेच असते. प्रोग्रॅम त्याला ‘या संख्येला त्या संख्येने भाग’ अशी एक आज्ञा देतो. ती पार पाडायला चिपच्या आत अनेक बारीक पायऱ्या ठरलेल्या क्रमाने घडाव्या लागतात. त्या पायऱ्यांची चिपच्या पोटातच लिहून ठेवलेली यादी म्हणजे मायक्रोकोड. साध्या आज्ञा यादीकडे न बघताही उरकतात, पण गुंतागुंतीच्या आज्ञांना ही यादी लागते.

ही कल्पना मॉरिस विल्क्स या इंग्रज शास्त्रज्ञाची. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी बांधलेला ‘एडसॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी चालू झाला. त्यात सुमारे तीन हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. संगणक चालला, पण त्याच्या नियंत्रणाच्या तारांचे जंजाळ विल्क्स यांना पसंत नव्हते. बेरजेसाठी एक जोडणी, गुणाकारासाठी दुसरी, आणि एक सुधारायला जावे तर दुसरी बिघडे. १९५० मध्ये ते अमेरिकेत एमआयटी संस्थेत गेले. तेथील ‘व्हर्लविंड’ संगणकात नियंत्रणाचे काम डायोडच्या एका नीटस जाळीवर सोपवलेले त्यांनी पाहिले. तेथून त्यांचा विचार एक पाऊल पुढे गेला. नियंत्रण हाच जर एक छोटा प्रोग्रॅम मानला आणि तो एका लहानशा स्मृतीत साठवला तर? जुलै १९५१ मध्ये मँचेस्टरच्या परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली. १९५८ मध्ये ‘एडसॅक २’ या तत्त्वावर काम करू लागला.

विल्क्स यांना हवी होती ती रचनेतली शिस्त. पण त्यांच्या कल्पनेतून आणखी एक गोष्ट आपोआप निघाली. जे लिहिलेले आहे ते खोडून पुन्हा लिहिता येते. तारा बदलायच्या तर यंत्र उघडावे लागते, यादी बदलायची तर नवी यादी पुरते. चिपची दुरुस्ती घरबसल्या होऊ शकते, याचे मूळ इथे आहे.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. त्यातल्या बहुतेक यंत्रांत मायक्रोकोड होता. त्यामुळेच लहान आणि मोठी यंत्रे एकच भाषा बोलू शकली, आणि जुन्या यंत्रांसाठी लिहिलेले प्रोग्रॅमही नव्यावर चालवता आले. मालिकेतल्या लहान यंत्रांपैकी ‘मॉडेल ३०’ची गंमत सांगण्यासारखी आहे. त्याचा मायक्रोकोड प्लॅस्टिकच्या भोके पाडलेल्या कार्डांवर होता, आणि ही कार्डे नेहमीच्या पंचकार्डाच्याच आकाराची होती. यादीत दुरुस्ती करायची असेल तर जुने कार्ड काढून नवे बसवायचे. ती यंत्रे तेव्हा बहुतांशी भाड्याने दिलेली असत. त्यामुळे दुरुस्ती करायची की नाही, हा विचार यंत्राच्या मालकाचा, म्हणजे कंपनीचा होता. गिऱ्हाइकाला त्याची चिंता नव्हती आणि त्यात त्याचा फारसा अधिकारही नव्हता.

पुढच्या ‘सिस्टिम ३७०’ मालिकेच्या काही यंत्रांत मायक्रोकोड पुन्हा लिहिता येईल अशा स्मृतीत ठेवला गेला. पण वीज गेली की ती स्मृती कोरी होई. मग यंत्र चालू करताना यादी आत कशी भरायची? आणि सुधारलेली यादी गावोगावच्या यंत्रांपर्यंत स्वस्तात कशी पोहोचवायची? यासाठी आयबीएमच्या सॅन होजे येथील अभियंत्यांनी आठ इंची, लवचीक चुंबकीय तबकडी तयार केली. १९७१ मध्ये ती बाजारात आली. तीच फ्लॉपी. नव्वदच्या दशकात आपण ज्या फ्लॉप्या शर्टाच्या खिशात घालून हिंडलो, त्यांची आजी मायक्रोकोडची ने-आण करायला जन्माला आली होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

नंतर मायक्रोप्रोसेसरचे युग आले. सगळा प्रोसेसर नखाएवढ्या चिपवर मावू लागला. इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ या चिपमध्येही मायक्रोकोड होता, पण तो सिलिकॉनमध्ये कायमचा कोरलेला. फायदा असा की चिप स्वस्त झाली. तोटा असा की चूक राहिली तर राहिली. ८०३८६ च्या सुरुवातीच्या काही चिपांमध्ये ३२ बिटांचा गुणाकार कधीकधी चुके. १९८७ मध्ये त्यावर उपाय काय, तर चिपा तपासून सदोष निघतील त्यांच्यावर ‘फक्त १६ बिट सॉफ्टवेअरसाठी’ असा शिक्का मारायचा. आंब्याच्या पेटीतून डागी फळ बाजूला काढावे तसे.

या पद्धतीची मोठी परीक्षा १९९४ मध्ये झाली. पेंटियम प्रोसेसर तेव्हा नवा होता. ज्यांचे नाव पेंटियमशी कायमचे जोडले गेले ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले, त्यामुळे या चिपचे आपल्याकडे वेगळे कौतुक होते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. त्यांच्या उत्तरात विसंगती येऊ लागली. प्रोग्रॅम तपासला, दुसरे संगणक तपासले, आणि काही महिन्यांच्या खटपटीनंतर ऑक्टोबर १९९४ मध्ये ते निष्कर्षाला आले की चूक चिपचीच आहे. भागाकारासाठी चिपमध्ये एक कोष्टक होते. हजाराहून अधिक घरांपैकी पाच घरांत जो आकडा हवा होता तो भरायचा राहिला होता. त्या घरांशी गाठ पडली की उत्तर किंचित चुके.

इंटेलचे म्हणणे होते की सामान्य माणसाला ही चूक २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएमच्या हिशेबाने ती २४ दिवसांतून एकदा भेटू शकत होती. एकाच चुकीचे दोन हिशेब आणि त्यांत एवढी तफावत, कारण ‘सामान्य माणूस’ दिवसभरात किती भागाकार करतो याविषयी दोघांची गृहीते वेगळी होती. १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमचे संगणक पाठवणे थांबवले. २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर केले. या प्रकरणाचा खर्च ४७.५ कोटी डॉलर आला.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, ‘पेंटियम प्रो’ आला. त्याची आखणी भागाकाराच्या गोंधळाच्या कितीतरी आधीपासून चालू होती. त्यात विकलेल्या चिपच्या मायक्रोकोडवर ठिगळ लावायची सोय होती. ठिगळ अवघे दोन हजार बाइटच्या आसपासचे. ते चिपमध्ये कायम राहत नाही. संगणक चालू झाला की दर वेळी ते नव्याने भरावे लागते. हे काम एकतर मदरबोर्डावरचा बायॉस प्रोग्रॅम करतो, नाहीतर विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली. विसराळू नोकराच्या हातात रोज सकाळी तीच चिठ्ठी द्यावी, तसा हा प्रकार आहे.

या सोयीने एक मोठा बदल घडवला आणि तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. आता चिप सदोष निघाली तर शिक्का मारायची किंवा परत बोलवायची गरज दर वेळी उरली नाही. चिठ्ठी पाठवली की झाले. पण चिठ्ठी नोकराच्या हातात द्यायची की नाही, हा निर्णय आता गिऱ्हाइकाच्या दारात येऊन बसला.

आणि चिठ्ठी नेहमी बिनखर्चाची नसते. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेलने आपल्या हॅसवेल चिपांमधली एक सोय सदोष असल्याचे सांगितले. त्यावरचा मायक्रोकोडचा उपाय म्हणजे ती सोयच बंद करणे. म्हणजे जाहिरातीत जी होती ती वस्तू दुरुस्तीनंतर नाहीशी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘डाउनफॉल’ नावाचा सुरक्षादोष जाहीर झाला, तेव्हा त्यावरच्या मायक्रोकोडमुळे काही प्रकारच्या कामांचा वेग ५० टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे इंटेलनेच सांगितले. बहुतेकांना एवढा फटका बसणार नव्हता. पण ज्याचे काम नेमके त्या प्रकारचे, त्याने काय करावे?

सर्वांत अवघड प्रसंग आला तो जानेवारी २०१८ मध्ये. ३ जानेवारीला ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जगजाहीर झाले. आधुनिक प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी अंदाजाने काम करतो. नेहमीचे गिऱ्हाईक कोपऱ्यावर दिसताच टपरीवाला कटिंग ओतून ठेवतो, तसे. गिऱ्हाईक आलेच नाही तर चहा ओतून देतो. पण ग्लास गरम राहतो. जवळ उभ्या असलेल्या तिऱ्हाइताने ग्लासाला हात लावला तर कोण येणार होते हे त्याला कळते. स्पेक्टर साधारण असाच. चिपने टाकून दिलेल्या कामाच्या मागे राहिलेल्या खुणांवरून दुसऱ्याची गुप्त माहिती वाचायची. मेल्टडाउनवर कार्यप्रणालीत उपाय करता येत होता. स्पेक्टरच्या एका प्रकारासाठी मात्र नवा मायक्रोकोडही हवा होता.

इंटेलने तो घाईने दिला. पण त्याने काही संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होऊ लागले. २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितले की हा मायक्रोकोड बसवणे थांबवा. लगेच त्याच आठवड्यात मायक्रोसॉफ्टने ती सुरक्षा तात्पुरती बंद करणारे वेगळे अपडेट काढले. तीन आठवड्यांपूर्वी सगळे ‘ताबडतोब करा’ म्हणत होते, आता ‘केले असेल तर उलटे फिरवा’.

त्या जानेवारीत मी एका लहान पतसंस्थेच्या संगणकांचे काम पाहत होतो. मार्चअखेर तोंडावर आली होती. संस्थेचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. पेपरात बातमी वाचून त्यांनी मला बोलावले.

“काय हो, ते औषध द्यायचं की नाही, एवढंच सांगा,” ते म्हणाले.

मी रोगाचे वर्णन सुरू केले. त्यांनी मध्येच थांबवले. “आपल्या सर्व्हरवर बाहेरच्या कुणाला त्याचा प्रोग्रॅम चालवता येतो का?”

“नाही, सर. तिथे फक्त आपलाच चालतो. इंटरनेटही नाही.”

“आणि औषधानं सर्व्हर मधेच बंद पडला तर?”

“काउंटरवरची रांग थांबेल. अर्धवट पडलेल्या नोंदी हातानं तपासाव्या लागतील.”

“मग थांबा. पण कधीपर्यंत थांबायचं ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर राहूनच जाईल.”

आम्ही तसे केले. काउंटरवरच्या ज्या संगणकांना इंटरनेट होते, त्यांवरचे ब्राउझर आणि विंडोज लगेच अद्ययावत केले, कारण कुठल्याही वेबसाइटवरून येणारा छोटा प्रोग्रॅम तिथे चालू शकत होता. सर्व्हरचा मायक्रोकोड मात्र थांबवला. पुढे इंटेलने सुधारित मायक्रोकोड दिला, तो आधी एका जादा संगणकावर चालवून पाहिला आणि मार्चअखेरीचे काम आटोपल्यावर एप्रिलमधल्या एका रविवारी सर्व्हरवर घातला. ठेवीदारांना यातले काहीच कळले नाही.

पण ‘थांबा’ हेच नेहमीचे शहाणपण समजू नये. सरांचे दोन प्रश्न दुसऱ्या ठिकाणी विचारले असते तर उत्तर उलटे आले असते. एकाच यंत्रावर अनेक अनोळखी गिऱ्हाइकांचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या मोठ्या केंद्रांना थांबणे परवडणारे नव्हते. शेजारच्याचा ग्लास चाचपडणारा तिऱ्हाईत तिथे भाडे भरून राहत असतो.

२०२४ मध्ये तर थांबण्यातच धोका होता. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. खेळ मध्येच बंद पडत, प्रोग्रॅम कारण नसताना कोसळत. जुलैमध्ये इंटेलने सांगितले की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत आहे. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, सप्टेंबरमध्ये आणखी एक. कंपनीने या चिपांची हमीही दोन वर्षांनी वाढवली. पण एक गोष्ट स्पष्ट करण्यात आली. जास्त व्होल्टेजने जी चिप झिजली ती मायक्रोकोडने पूर्ववत होणार नाही. म्हणजे ज्याने ‘बघू नंतर’ म्हटले, त्याची चिप रोज थोडी जास्त झिजण्याची शक्यता होती. इथे दोष चोरट्याची वाट पाहत नव्हता, संगणक चालू असतानाच घर पोखरत होता.

आणखी एक धडा फेब्रुवारी २०२५ मधला. चिठ्ठी खरोखर कंपनीचीच आहे ना, हे चिप एका डिजिटल सहीवरून ओळखते. एएमडीच्या पहिल्या चार झेन पिढ्यांमध्ये ही ओळख पटवण्याची पद्धत कच्ची असल्याचे गूगलच्या संशोधकांनी दाखवले. यादृच्छिक संख्या देणारी आज्ञा त्यांनी अशी बदलली की ती दर वेळी ४ हाच आकडा देऊ लागली. बनावट चिठ्ठी घालायला यंत्रावर आधीच पूर्ण ताबा लागतो, हे खरे. पण त्यावरचा उपायही पुन्हा मायक्रोकोडचे अपडेटच होता.

मग आपण सामान्यांनी काय करावे? या साऱ्या इतिहासातून मला चार प्रश्न हाती लागले आहेत. पहिला, दोष कोणता आहे? उत्तर चुकवणारा, चोराला वाट देणारा, की चिप झिजवणारा? झिजवणारा असेल तर दिवस मोजू नयेत. दुसरा, आपल्या यंत्रावर अनोळखी प्रोग्रॅम चालतो का? ज्या घरात इंटरनेट आहे तिथे याचे उत्तर ‘हो’ असेच धरावे. तिसरा, दुरुस्तीची किंमत काय? वेग किती घटेल, एखादी सोय जाईल का? आणि चौथा, दुरुस्ती कोणत्या वाटेने येते आहे? कार्यप्रणालीने भरलेला मायक्रोकोड संगणक बंद केला की पुसला जातो, त्यामुळे बिघडले तर बऱ्याचदा मागे फिरता येते. बायॉस बदलून आलेला मात्र मदरबोर्डावर लिहिला जातो, आणि तो लिहिताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. आपल्याकडे विजेचा भरवसा किती, हे मी सांगायला नको. यूपीएस नसेल तर तो उद्योग पावसाळी संध्याकाळी करू नये.

घरच्या संगणकाला बहुतेक वेळा कार्यप्रणालीकडून आलेली दुरुस्ती घेणेच बरे, कारण ती येईपर्यंत पुष्कळ यंत्रांवर तपासलेली असते. जिथे इतरांचे पैसे, औषधे किंवा नोंदी सांभाळायच्या आहेत तिथे आधी एका यंत्रावर पाहावे, मागे फिरण्याची वाट ठेवावी, आणि थांबायचे ठरवले तर त्याची तारीख लिहावी.

मॉरिस विल्क्स २०१० मध्ये वयाच्या ९७व्या वर्षी वारले. एडसॅकच्या दिवसांतच त्यांच्या ध्यानात आले होते की आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. त्यांनी यंत्राचे नियंत्रणही प्रोग्रॅमसारखे लिहायला शिकवले, तेव्हा त्या चुकाही यंत्राच्या पोटात शिरल्या आणि त्यांची दुरुस्तीही. पूर्वी यंत्र विकत घेतले की व्यवहार संपत असे. आता यंत्र विकणारा वर्षानुवर्षे चिठ्ठ्या पाठवत राहतो, आणि त्या वाचून हो किंवा नाही म्हणणे हा यंत्र बाळगण्याचाच एक भाग झाला आहे. पुढच्या वेळी पडद्यावर तो प्रश्न आला, तर ‘नंतर’वर टिचकी मारायला हरकत नाही. फक्त ‘नंतर’ म्हणजे कधी, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.